धागा: स्थलांतरित कामगारांचा ‘मालक’ शोधून काढणारी माणसे

दप्तरदार (धागालेखक)

स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर एक तर मोर्चा येतो, नाही तर न्यायालयाचा निकाल. या दोहोंच्या मध्ये कधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चाललेले एक काम असते आणि त्याची बातमी होत नाही. हजेरीपटाच्या नकला मिळवणे, वीस कामगारांचे जबाब वेगवेगळे घेऊन ते एकमेकांशी ताडून पाहणे, ठेकेदाराचा परवाना नक्की कोणाच्या नावावर आहे हे शोधणे, एखादा कायदा लागू झाला तरी त्याखालचे नियम अजून निघालेच नाहीत हे राजपत्रे चाळून सिद्ध करणे, असे हे काम आहे. ते करणारे सगळे वकील नसतात. त्यांत समाजशास्त्राचे अभ्यासक असतात, कामगार संघटनांचे कार्यकर्ते असतात, दुभाषे असतात आणि कायद्याचे विद्यार्थीही असतात. त्यांच्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

माझे स्वतःचे मत आधीच मांडतो. या क्षेत्रातील बहुतेक संशोधन शेवटी एकाच प्रश्नापाशी येते, तो म्हणजे या माणसाचा मालक कोण. देशांतर्गत स्थलांतरात कागदोपत्री मालकच सापडत नाही, कारण कामगार आणि काम करवून घेणारी संस्था यांच्यामध्ये मुकादम, उपठेकेदार आणि ठेकेदार अशी उतरंड उभी असते. परदेशी कामाला गेलेल्याची अडचण बरोबर उलट असते. त्याच्या व्हिशावर एकाच मालकाचे नाव असते, त्या मालकाला सोडले की देशात राहण्याचा अधिकारही जातो आणि त्यामुळे मालक नको इतका जवळ येऊन बसतो. पहिल्याला मालक मिळवून द्यायचा आणि दुसऱ्याला मालकापासून सोडवायचे, अशी ही दुहेरी कामगिरी आहे.

पहिल्या प्रकाराचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण १९८२ मधील दिल्लीचे आहे. आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडागारे, उड्डाणपूल आणि हॉटेले बांधण्याचे काम रात्रंदिवस चालू होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांना कामांच्या जागी पाठवले. त्यांच्या अहवालाच्या आधारे संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच रिट याचिका म्हणून दाखल करून घेतले. अहवालात काय होते? ठेकेदार जमादाराच्या हाती दर कामगारामागे रोजचे ९ रुपये २५ पैसे ठेवत असे, जमादार त्यातला एक रुपया दलाली म्हणून काढून घेत असे आणि कामगाराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. किमान वेतन होते ९ रुपये २५ पैसे. म्हणजे कागदावर सगळे चोख होते आणि कायद्याचा भंग झाला होता तो जमादाराच्या मुठीत. ही मूठ उघडून दाखवायला कोणीतरी कामगारांपाशी जाऊन बसावे लागले.

१८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीचे काम होय, असे ठरवले. सक्ती ही दंडुक्याचीच असते असे नाही, भूक आणि दारिद्र्य यांचीही असते, हा त्यामागचा विचार होता. त्याचबरोबर ठेकेदाराकडे बोट दाखवून केंद्र सरकार, दिल्ली प्रशासन आणि दिल्ली विकास प्राधिकरण यांना आपली जबाबदारी झटकता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. पहिल्या मुद्द्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण मालकाचा पत्ता त्यात सापडला.

तळटीप

धागा आवडला. एक पुरवणी जोडतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ मध्ये झाला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून अमलात आला. तरीही दिल्लीसाठीचे त्याखालचे नियम ४ जून १९८२ पर्यंत तयार नव्हते, ही बाब याच निकालात नोंदलेली आहे. स्पर्धा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हायच्या होत्या. बांधकामाचा बहुतेक काळ कायदा होता आणि नव्हताही. असा तपशील शोधायला बुद्धिमत्तेपेक्षा चिकाटी अधिक लागते, पण त्याशिवाय ‘कायदा लागू आहेच’ हे सरकारी उत्तर खोडता येत नाही.

मालक सापडला तरी दुसरा अडथळा उरतो तो पुराव्याचा. उचल घेतल्याची चिठ्ठी मुकादमाकडे, हजेरीची वही मुकादमाकडे, आणि अंगठा मात्र कामगाराचा. या बाबतीत बंधुआ मुक्ती मोर्चा या वेठबिगारांच्या मुक्तीसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेवरील डिसेंबर १९८३ चा निकाल पुन्हा वाचण्यासारखा आहे. फरिदाबाद परिसरातील दगडखाणींत काम करणाऱ्या, बहुतांशी परराज्यांतून आलेल्या कामगारांचा तो विषय होता. न्यायालयाने आधी दोन वकिलांना आयुक्त म्हणून खाणींवर पाठवले आणि नंतर आयआयटीतील डॉ. पटवर्धन यांच्याकडे सामाजिक व कायदेशीर पाहणीचे काम सोपवले. राज्य सरकारने या अहवालांच्या ग्राह्यतेवरच आक्षेप घेतला, कारण त्यांतील माहिती उलटतपासणीतून गेलेली नव्हती. न्यायालयाने तो आक्षेप मानला नाही. ज्याच्याकडे वकील लावायला पैसे नाहीत त्याने साक्षीपुराव्याची सगळी पद्धत पाळावी असा आग्रह धरला तर मूलभूत हक्क नावापुरतेच उरतील, असा त्याचा रोख होता.

त्याच निकालाने एक गृहीतही घालून दिले. कामगाराकडून सक्तीने काम करून घेतले जात आहे हे दिसले की ते उचलीपोटीच करवून घेतले जात आहे, असे न्यायालयाने मानावे आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले.

युरोपीय संघाने जवळजवळ हीच युक्ती २००९ साली वेगळ्या संदर्भात वापरली. परवानगीविना राहणाऱ्या परदेशी नागरिकांना कामावर ठेवणाऱ्या मालकांवरील कारवाईसंबंधीच्या निर्देशात, थकीत वेतन मोजताना कामाचा संबंध किमान तीन महिने होता असे गृहीत धरायचे, अशी तरतूद आहे. तसे नव्हते हे मालकाने किंवा कामगाराने दाखवावे. ज्याच्याजवळ कागदाचा तुकडाही नाही त्याला किमान तीन महिन्यांचे वेतन मागता येते. दोन्हीकडे कायदा लिहिणाऱ्यांना एकच गोष्ट उमगली होती, ती म्हणजे कागद नेहमी बलवानाच्या पेटीत असतो.

वाटसरू

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझी शंका मूलभूत आहे. १९८२ चा निकाल झाला, १९८३ चा झाला, त्यानंतर चाळीस वर्षे उलटली. आजही बांधकामाच्या जागी जमादार आहे आणि त्याची दलालीही आहे. मग या संशोधनातून कामगारांच्या पदरात नक्की काय पडले? अहवाल लिहिणाऱ्यांची नावे ग्रंथालयात राहिली, निकाल विधी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात गेले, आणि ज्यांच्या नावाने हे घडले ते पुढच्या कामाच्या जागी निघून गेले. हे मी उपहासाने म्हणत नाही. काही वर्षे मी एका कामगार वकिलाकडे कागदपत्रे लावण्याचे काम केले आहे आणि दावा जिंकल्यानंतर अशिलाचा पत्ताच न सापडल्याचे प्रसंग पाहिले आहेत.

किनारा

वाटसरू यांची शंका रास्त आहे, पण ‘काय पडले’ याचे उत्तर प्रत्येक देशात वेगळे येते. फिलिपाइन्सचे उदाहरण पाहावे. तेथील १९९५ च्या स्थलांतरित कामगार कायद्यात परदेशातील मालक आणि देशातील भरती करणारी एजन्सी या दोघांना वेतनासाठी संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार धरलेले आहे. मालक समुद्रापलीकडे असला तरी एजन्सीचे कार्यालय आपल्याच शहरात असते, म्हणून दावा तिच्यावर लावता येतो. मालक सापडत नसेल तर सापडेल अशा माणसाला मालकाच्या जागी उभे करायचे, हा या तरतुदीचा गाभा आहे आणि मला तो अतिशय हुशारीचा वाटतो.

मात्र त्याच कायद्यात एक खोच होती. मुदतीआधी अन्यायाने काढून टाकलेल्या कामगाराला उरलेल्या मुदतीचे पूर्ण वेतन किंवा उरलेल्या प्रत्येक वर्षामागे तीन महिन्यांचे वेतन, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. देशातच काम करणाऱ्यांना अशी कात्री नव्हती. एका खलाशाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००९ मध्ये हे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केले. वर्षभरातच, २०१० मधील दुरुस्ती कायद्यात, तेच शब्द पुन्हा आले! ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायालयाला ते दुसऱ्यांदा रद्द करावे लागले.

यातून वाटसरू यांना निराशेचा पुरावा मिळेल हे मला ठाऊक आहे. मला मात्र यात या संशोधकांच्या कामाचे खरे स्वरूप दिसते. रद्द झालेले कलम दुरुस्तीच्या आडून परत आले आहे, हे कोणीतरी दोन मजकूर शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कळत नाही. तण एकदा उपटले म्हणून शेत कायमचे स्वच्छ राहत नाही आणि म्हणून कोणी खुरपणी सोडत नाही.

दप्तरदार

किनारा यांच्या प्रतिसादाला जोडून दुसऱ्या टोकाचे, म्हणजे मालकाला बांधलेल्या कामगाराचे, उदाहरण देतो. इस्रायलमध्ये परदेशी कामगाराचा व्हिसा एका विशिष्ट मालकाच्या नावाशी जोडलेला असे. काव लाओवेद ही कामगार हक्क संघटना आणि इतर काही संघटना यांनी २००२ मध्ये याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. मार्च २००६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. काम सोडण्याचे स्वातंत्र्य हिरावले की करारातली कामगाराची एकमेव ताकद जाते, हे त्यामागचे तत्त्व होते आणि निकालात या व्यवस्थेचे वर्णन गुलामगिरीचा आधुनिक प्रकार असे केलेले आहे. सरकारला नवी व्यवस्था आखण्यासाठी सहा महिने दिले गेले. पुढे २०११ मध्ये तेथील संसदेने कायदा बदलून शुश्रूषेच्या क्षेत्रातील परदेशी कामगारांच्या मालक बदलण्यावर पुन्हा बंधने आणण्याची सोय केली. म्हणजे खुरपणीची गरज तेथेही आहेच.

कतारची गोष्ट न्यायालयाबाहेरची आहे. जून २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेतील कामगार प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या घटनेतील अनुच्छेद २६ खाली कतारविरुद्ध तक्रार दाखल केली. सक्तीच्या कामासंबंधीचा १९३० चा करार क्रमांक २९ आणि कामगार तपासणीसंबंधीचा १९४७ चा करार क्रमांक ८१ यांचा भंग होत असल्याचे तीत म्हटले होते. परदेशी कामगाराचे वास्तव्य एका मालकाशी बांधणाऱ्या ‘कफाला’ पद्धतीला लोकांनी नैतिक दूषणे बरीच दिली होती, पण या तक्रारीमुळे प्रश्न बदलला. कतारने स्वतः मान्य केलेल्या कोणत्या कराराच्या कोणत्या कलमाशी ही पद्धत विसंगत आहे, हे आता मांडले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुधारणांच्या आश्वासनांनंतर तक्रार मिटवण्यात आली. २०१८ पासून देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी घेण्याची अट टप्प्याटप्प्याने काढली गेली. ऑगस्ट २०२० च्या कायद्यांनी नोकरी बदलताना लागणारे ना हरकत पत्र रद्द केले आणि मार्च २०२१ पासून मूळ वेतनासाठी मासिक १००० रियालचे किमान वेतन लागू झाले. अंमलबजावणीविषयीच्या तक्रारी त्यानंतरही येत राहिल्या आहेत आणि ‘फरार’ म्हणून कामगाराविरुद्ध नोंद करण्याची मालकाची सोय हे त्यातले मोठे दुखणे आहे. तरीही नैतिक संतापाचे कलमांत रूपांतर झाले नसते तर चर्चेला बसायला टेबलही मिळाले नसते, असे मला वाटते.

उलटतपासणी

मी वकिली करतो, म्हणून एका शब्दाविषयी लिहितो. तो शब्द म्हणजे ‘संमती’. मालकाच्या बाजूचा वकील सर्वांत आधी हेच विचारतो: कोणी जबरदस्ती केली होती का, दार बंद होते का, तू निघून का गेला नाहीस? ग्रीसमधील मानोलादा येथील स्ट्रॉबेरीच्या शेतांवरील बांगलादेशी मजुरांच्या प्रकरणात हाच मुद्दा निर्णायक ठरला. मजुरांना सात तासांच्या कामाला २२ युरो आणि जादा तासाला ३ युरो देण्याचे कबूल केले होते. महिनोन्‌महिने पैसे मिळाले नाहीत. १७ एप्रिल २०१३ रोजी ते थकीत मजुरी मागायला जमले असताना पहारेकऱ्यांपैकी एकाने गोळीबार केला आणि अनेकजण जखमी झाले. गोळीबाराची शिक्षा झाली, परंतु मानवी तस्करीच्या आरोपातून तेथील न्यायालयाने २०१४ मध्ये सर्वांना निर्दोष सोडले. मजूर आपल्या मर्जीने आले होते आणि हिंडायफिरायला मोकळे होते, असा तर्क त्यामागे होता.

त्यांपैकी ४२ जण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ३० मार्च २०१७ च्या निकालात त्या न्यायालयाने सांगितले की मालक कामगाराच्या असहायतेचा गैरफायदा घेत असेल तर सुरुवातीची संमती कामाला स्वेच्छेचे स्वरूप देण्यास पुरेशी नाही. पैसे न घेता निघून गेलो तर केलेल्या कामाची मजुरी कायमची बुडेल, आणि कागदपत्रे नसल्याने पकडले जाऊ, ही भीतीच त्यांची बेडी होती. ग्रीसला प्रत्येकी १२,००० ते १६,००० युरो भरपाई द्यावी लागली.

दप्तरदार यांनी १९८२ चा निकाल सांगितला आहे, तो आणि हा शेजारी ठेवून वाचावेत. एका निकालात भूक ही सक्ती आहे, दुसऱ्यात बुडू शकणारी मजुरी ही सक्ती आहे. दोन वेगळे खंड, पस्तीस वर्षांचे अंतर, आणि न्यायाधीशांना पटवायची गोष्ट तीच, की उघड्या दारातूनही माणसाला बाहेर पडता येत नाही. हे पटवण्यासाठी कायद्याच्या पुस्तकाचा उपयोग मर्यादित असतो. किती जणांची मजुरी किती दिवस थकली होती, निवारा कसा होता, आश्वासने कोणत्या तारखांना दिली गेली, या साध्या तक्त्याचा उपयोग त्याहून अधिक होतो.

अनुक्रमणिका

ज्याच्याकडे वास्तव्याची वैध कागदपत्रेच नाहीत, त्याला कामगार म्हणून काही हक्क असतात का? येथे काही ठिकाणी तसा उल्लेख ओझरता आला आहे, पण स्पष्ट उत्तर दिसले नाही.

तळटीप

उत्तर ‘असतात’ असे आहे, परंतु ते सगळीकडे सारख्या जोराने दिले गेलेले नाही. मार्च २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हॉफमन प्लास्टिक कंपाउंड्स प्रकरणात, कामगार संघटनेच्या कामात भाग घेतला म्हणून काढलेल्या परंतु कामाची वैध परवानगी नसलेल्या कामगाराला काढल्यानंतरच्या काळाचे बुडालेले वेतन देता येणार नाही, असा पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. मेक्सिकोचे लाखो नागरिक अमेरिकेत काम करतात. त्या सरकारने दोन महिन्यांत आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाकडे सल्लागार मत मागितले. १७ सप्टेंबर २००३ रोजी आलेल्या या अठराव्या सल्लागार मतात असे म्हटले आहे की एखाद्याला देशात राहू द्यायचे की नाही हे राज्य ठरवू शकते, परंतु तो कामाला लागला की कामगार म्हणून मिळणारे हक्क त्याच्या वास्तव्याच्या दर्जावर अवलंबून राहत नाहीत.

या मताच्या वेळी विद्यापीठांतील कायदा चिकित्सालये (जेथे विद्यार्थी प्रत्यक्ष प्रकरणांवर काम करतात) आणि संघटना यांनी न्यायालयाला लेखी टिपणे सादर केली होती. सल्लागार मत बंधनकारक निकालासारखे वसूल करता येत नाही हे खरे. पण पुढच्या वकिलाला त्यावर पाय रोवून उभे राहता येते.

संयुक्त राष्ट्रांच्या १८ डिसेंबर १९९० च्या स्थलांतरित कामगार करारातही अनुच्छेद २५ हेच सांगतो. तो अमलात यायला १ जुलै २००३ उजाडला, कारण आवश्यक वीस मान्यता जमायलाच तेवढा वेळ लागला. कामगार जेथे जातात ते मोठे श्रीमंत देश त्यात नाहीत आणि भारतही नाही. या करारातील व्याख्या मात्र बारकाईने वाचावी. ज्या देशाचा नागरिक नाही तेथे जो काम करणार आहे, करत आहे किंवा करून आलेला आहे, तो स्थलांतरित कामगार. ‘करून आलेला’ हे दोन शब्द घालणाऱ्याला माझा नमस्कार, कारण बुडालेली मजुरी बहुतेक वेळा माणूस परत आल्यावरच मागतो.

मोळी

वाटसरू यांनी जिंकल्यानंतर अशील न सापडण्याचा मुद्दा काढला होता. त्यावर सिग्नल इंटरनॅशनलचे प्रकरण आठवले. २००५ च्या कतरिना वादळानंतर या जहाजदुरुस्ती कंपनीसाठी भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर अमेरिकेच्या मिसिसिपी आणि टेक्सास राज्यांत नेण्यात आले. ग्रीन कार्ड मिळेल असे सांगून प्रत्येकाकडून १०,००० डॉलर आणि त्याहून अधिक रकमा उकळल्या गेल्या. प्रत्यक्षात व्हिसा हंगामी होता. एका खोलीत चोवीसजण राहत आणि त्या जागेचे दरमहा १०५० डॉलर पगारातून कापले जात. मार्च २००८ मध्ये कामगारांनी काम सोडून निषेध केला आणि दावा दाखल झाला.

२०१२ मध्ये न्यायालयाने सर्वांचा मिळून एकच सामूहिक दावा चालवायला नकार दिला. सामान्यतः येथेच असे प्रकरण मरते, कारण शेकडो वेगळे दावे कोण लढवणार? या वेळी अनेक मोठ्या वकिली संस्थांनी कामगारांचे गट वाटून घेऊन ते विनामूल्य लढवले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पहिल्या पाच कामगारांना ज्युरीने सुमारे १४१ लाख डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी जुलैत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उरलेले दावे मिळून दोन कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले. म्हणजे येथेही जिंकणे आणि मिळणे यांत अंतर राहिलेच. तरीही सर्वच अशील सापडत नाहीत असे नाही, इतकेच मला म्हणायचे आहे.

वाटसरू

मोळी यांचा प्रतिसाद मान्य. माझा आक्षेप थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. १९७९ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार ठेकेदाराने कामगारांचा तपशील ज्या राज्यातून आणले आणि ज्या राज्यात नेले त्या दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना पंधरा दिवसांत कळवायचा होता. हे चाळीस वर्षे नीट झाले असते तर २०२० च्या टाळेबंदीत कोण कोठे अडकला आहे याची यादी सरकारच्या दप्तरात तयार असती. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारलेल्या प्रश्नावर, परतीच्या वाटेवर मेलेल्या स्थलांतरित कामगारांची आकडेवारी ठेवली जात नाही, असे उत्तर आले. वृत्तपत्रांतील बातम्या एकेक करून जमवत मृत्यूंची नोंद ठेवली ती काही स्वतंत्र अभ्यासकांनी. नोंद ठेवणे हे सरकारचे काम होते. संशोधकांच्या या कौतुकात ते विसरले जाऊ नये.

दप्तरदार

विसरले जाऊ नयेच. २९ जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांच्या नोंदणीचे पोर्टल ३१ जुलैपर्यंत सुरू करण्यास सांगितले तेव्हा केंद्राच्या दिरंगाईवर कडक शब्दांत नाराजीही नोंदवली होती. ई-श्रम पोर्टल प्रत्यक्षात २६ ऑगस्टला सुरू झाले. पण त्यात कामगाराची नोंद होते, त्याच्या मालकाशी असलेल्या नात्याची होत नाही. मी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तो तेथेच राहतो.

नव्या व्याख्येकडेही अभ्यासकांनी लक्ष द्यावे. जुन्या कायद्यात ठेकेदाराने एका राज्यात भरती करून दुसऱ्या राज्यात नेलेलाच कामगार बसत असे. आपला आपण गाडीत बसून आलेला माणूस बाहेर राहत असे, आणि साहजिकच प्रत्येक ठेकेदार ‘ही माणसे आपापली आली’ असे सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत स्वतःहून आलेल्यालाही जागा मिळाली आहे. ही मोठी सुधारणा आहे. परंतु या व्याख्येत बसायला वेतन मासिक १८,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे अशी मर्यादा आली, आस्थापनेत पाचऐवजी दहा असे कामगार असण्याची अट आली आणि विस्थापन भत्ता गेला. राज्याच्या हद्दीतच मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाणारी कोयत्याची जोडी, म्हणजे मिळून काम करणारे नवरा-बायको, तेव्हाही या व्याख्येबाहेर होती आणि आताही आहे.

अनुक्रमणिका

मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. आपल्यापैकी अनुभवी मंडळींना एक व्यावहारिक प्रश्न विचारते. पुढील महिन्यात आमचा गट बांधकाम कामगारांचे जबाब घ्यायला जाणार आहे. प्रश्नावली चार पानांची झाली आहे. कामगारांना वेळ जेवणाच्या सुट्टीपुरताच असेल. कोणता प्रश्न पहिला ठेवावा?

उलटतपासणी

जबाब घेण्याआधी एक सावधगिरी घ्यावी. नावे एका वहीत आणि उत्तरे दुसऱ्या वहीत ठेवा, दोन्हींत फक्त क्रमांक समान असू द्या, आणि नावांची वही कामाच्या जागी नेऊच नका. मुकादमाने वही मागितली तर ती द्यावी लागू नये, यासाठी हे सांगतो आहे.

प्रश्नांविषयी बोलायचे तर ‘तुमचा मालक कोण’ हा प्रश्न पहिला ठेवू नका. त्याला तीन वेगळी उत्तरे मिळतील आणि तिन्ही प्रामाणिक असतील. ‘येताना तिकिटाचे पैसे कोणी भरले’ हे आधी विचारा. ते प्रत्येकाला आठवते, सांगायला भीती वाटत नाही, आणि पैसे भरणाऱ्याचे नाव, ते कोठे दिले गेले ते गाव आणि पुढे पगारातून ते कापले गेले का, हे सगळे त्यातून आपोआप निघते. पुष्कळांच्या मोबाइलमध्ये तिकिटाचा संदेश अजून असतो. परवानगी घेऊन त्याचा फोटो काढा आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

अनुक्रमणिका

आभारी आहे. प्रश्नावली चारऐवजी दीड पानांची करते आहे. तिकिटाचा प्रश्न पहिला आणि कपातीचा दुसरा ठेवला आहे. परत आल्यावर येथेच लिहीन.